स्पॅनिश भाषिकांचा सांस्कृतिक इतिहास वाचायचाय, कुठून सुरू करावं?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी गेली नऊ वर्षं स्पॅनिश शिकतेय आणि त्यातली चार वर्षं घरीच छोटे वर्ग घेतेय. बी-वन (मधली पातळी) पास झालं की मुलं हमखास विचारतात, मॅडम भाषा तर आली, आता या लोकांबद्दल वाचायचंय, काय वाचू? आणि मला दरवेळी आधी हेच सांगावंसं वाटतं की राजांच्या यादीपासून सुरुवात करू नका. मी तेच केलं होतं. दोन वर्षं वही भरत होते, ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा उतरल्या, १४९२ मध्ये ग्रानादा, म्हणजे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, पडलं, त्याच वर्षी ज्यूंना हाकललं, त्याच वर्षी कोलंबस निघाला, १८१० पासून एकेक वसाहत सुटायला लागली, सगळं तोंडपाठ, आणि तरी कोणी विचारलं की ही माणसं जगत कशी होती, कशावरून भांडत होती, तर मला एक वाक्य धड सांगता येत नव्हतं.

ते बदललं स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात. नवऱ्याच्या कामामुळे सहा महिने तिथे होतो. तिथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या एका दारासमोर (प्रेषितांचं दार म्हणतात त्याला) पाण्याचं न्यायालय बसतं. तूरिया नदीतून निघणारे आठ पाट, प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एकेक माणूस, असे आठ जण काळे सैल डगले घालून गोलात खुर्च्या टाकून बसतात. घंटेचे बारा ठोके पडले की एक शिपाई उभा राहतो आणि एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारा करतो, अमक्या पाटाचे कोणी आरोपी आहेत का? थोडा थांबतो, मग पुढचं नाव. वकील नाही, लेखी अर्ज नाही, दोन्ही बाजूंनी तोंडाने सांगायचं आणि निकाल तिथल्या तिथे. ज्या पाटाची तक्रार असेल त्या पाटाचा माणूस निकालात भाग घेत नाही. मी गेले त्या गुरुवारी एकही तक्रार नव्हती, पाचेक मिनिटांत सगळं आटोपलं, टुरिस्ट मंडळी फोटो काढून पांगली आणि मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण माझं माहेर साक्री तालुक्यातलं. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत, बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि पाटकरी ठरवायचा कोणाचं दारं कधी फोडायचं. आजोबांच्या ओसरीवर पाळीवरून झालेली भांडणं मी लहानपणी ऐकलीयत, तीसुद्धा सगळी तोंडीच मिटायची.

घरी येऊन शब्द शोधायला बसले. पाटाला स्पॅनिशमध्ये म्हणतात आसेकिया, तो अरबी अस-साकिया. हौद म्हणजे आल्बेर्का, तो अरबी अल-बिर्का. बंधारा आसूद, तोही अरबी. आणि तो पुकारा करणारा शिपाई, त्याला म्हणतात आल्ग्वासिल, हा शब्द म्हणजे अल-वझीर! आपल्या बुद्धिबळातला वजीर. एके काळी खलिफाच्या शेजारी बसणारा माणूस, शब्द घरंगळत घरंगळत शेवटी पाटाच्या न्यायालयातल्या पुकारणाऱ्यावर येऊन थांबला. वालेन्सियाचे लोक परंपरेने आपल्या न्यायालयाचा काळ इ. स. ९६० सांगतात, म्हणजे कोर्दोबाच्या खलिफांच्या वेळचा. आणि ज्या कॅथेड्रलसमोर हे बसतं ते पूर्वीच्या मशिदीच्या जागेवर उभं आहे.

मग माझ्या वहीतली एक सनावळी पहिल्यांदा जिवंत झाली. १६०९ ते १६१४ या पाच वर्षांत स्पेनने मोरिस्को लोकांना देशाबाहेर काढलं, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांना आधीच बाप्तिस्मा घ्यायला लावला होता ते मूळचे मुस्लिम. सुमारे ३ लाख माणसं. आणि सुरुवात कुठून झाली, तर वालेन्सियापासून, तिथली जवळजवळ तिसरा हिस्सा वस्ती गेली. पाट खणणाऱ्यांचे, पाळ्या लावणाऱ्यांचे वंशज जहाजात घालून आफ्रिकेला पाठवले आणि त्यांच्या शब्दांनी पाणी सोडणं मात्र चालू राहिलं, आजही चालू आहे. हे मला कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त लागलं.

आणि शब्द तिथेही थांबला नाही. स्पॅनिश वसाहतवाले सोळाव्या शतकाच्या शेवटी आज ज्याला न्यू मेक्सिको म्हणतात तिथे पोचले तेव्हा आसेकिया त्यांच्याबरोबर गेला. तिथल्या मूळच्या प्वेब्लो लोकांचं स्वतःचं पाण्याचं शास्त्र आधीपासून होतंच, त्याच्यावर हे बसलं. अमेरिकेत, त्या कोरड्या डोंगरांत, आजही शेकडो आसेकिया चालू आहेत, दर वसंतात सगळे शेतकरी फावडी घेऊन पाट साफ करतात आणि पाणी वाटणाऱ्या निवडलेल्या माणसाला मायोर्दोमो म्हणतात. साक्रीत पाटकरी, तिथे मायोर्दोमो.

अजून एक गोष्ट राहिली. ते न्यायालय चालतं वालेन्सियानमध्ये, आपण जी स्पॅनिश शिकतो त्या कास्तेयानोमध्ये नाही. म्हणजे स्पेनमध्येच कातालान आहे, गालेगो आहे, बास्क तर युरोपातल्या कुठल्याच भाषेला नात्याने लागत नाही. त्यात वीस देशांत ही राजभाषा, त्यात आफ्रिकेतला विषुववृत्तीय गिनीसुद्धा आला. त्यामुळे "स्पॅनिश लोकांची संस्कृती" असं एक गाठोडं कुठे मिळत नाही. एक वस्तू धरायची, एक शब्द धरायचा, आणि तो नेईल तिकडे जायचं, राजे आणि सनावळ्या वाटेत आपोआप भेटतात. मी पाणी धरलं. तुम्ही कोणी असं काही धरलं असेल तर इथे लिहा ना, माझ्या वर्गातल्या मुलांना हाच धागा वाचायला देणार आहे.

चारचौघी

किती सुंदर लिहिलंय. वजीर वाचून अंगावर काटा आला खरंच.

माझी छोटीशी भर. स्पॅनिशमध्ये कोणा अनामिक माणसाला फुलानो म्हणतात, "फुलानो, मेंगानो आणि सुतानो" म्हणजे आपलं अमका तमका. हा फुलानो अरबी फुलान, आणि आपला फलाणाही तोच, आपल्याकडे फारसीवाटे आलेला. आझूकार म्हणजे साखर, मूळ संस्कृत शर्करा, मग फारसी, मग अरबी, मग स्पॅनिश. नारांखा म्हणजे नारिंग. आदुआना म्हणजे जकात नाका, तो आपला दिवाण. कलिंगडाला सांदिया म्हणतात, म्हणजे सिंधकडचं! मी अशा शब्दांची वही ठेवलीय, दोनशेच्या वर झालेत.

झेंडू

मी सध्या मेक्सिकोत पुएब्ला शहरात राहते, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, पुण्याहून आलेली आमची पाच-सहा कुटुंबं आहेत इथे. माझं नाव वाचून कळलं असेलच मी काय धरलंय ते.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसला जाताना आत्लिस्कोकडची शेतं बघितली आणि गाडी थांबवायला लावली. झेंडू, नुसता झेंडू, डोळा पोचेल तिथपर्यंत, टेम्पो भरून शहरात चाललेला. मला दसऱ्याची आठवण येऊन रडूच आलं. नंतर कळलं की झेंडू मुळचा इथलाच, मेक्सिकोचा, आपल्याकडे युरोपियन जहाजांबरोबर आला. याला इथे सेम्पासूचिल म्हणतात, नावात्ल या अझ्टेकांच्या भाषेतला शब्द, "वीस-फूल" असा अर्थ, म्हणजे खूप पाकळ्यांचं. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, घरोघर ओफ्रेंदा मांडतात, गेलेल्या माणसाचा फोटो, पेलाभर पाणी, मीठ, गोल पाव, त्याला आवडायचं ते जेवण, कोणाच्या फोटोपुढे बिअरची बाटली आणि सिगरेटसुद्धा, आणि दारापासून ओफ्रेंदापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, म्हणजे येणाऱ्याला वासावरून रस्ता सापडावा. माझ्या घरमालकीणबाईंनी त्यांच्या आईसाठी मांडलेली ओफ्रेंदा मी बघितली, पेल्यातलं पाणी सकाळी थोडं कमी झालेलं होतं तर मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेल्या, प्रवास करून आलीय ना ती, तहान लागणारच, म्हणाल्या. मला आमच्या घरचं पितृपक्षातलं पान आठवलं.

पण एक सांगते, अभ्यास करायचा तर इथेच सावध व्हायला लागतं. इथे बरेच लोक म्हणतात हा सण थेट अझ्टेकांचा. आणि तारखा बघितल्या तर कॅथलिक चर्चच्या, सर्व संतांचा दिवस आणि सर्व आत्म्यांचा दिवस, स्पेनमध्येही त्या दिवशी लोक कबरींवर फुलं नेतात, पाव करतात. फूल आणि त्याचं नाव इथलं, तारीख तिकडची, आणि आज जे दिसतं ते पाचशे वर्षांत इथल्या बायकांनी स्वयंपाकघरात जमवलेलं.

आता दुसरी गोष्ट, जी मला झेंडूपेक्षाही जवळची वाटते. या पुएब्लात सतराव्या शतकात एक बाई राहायची, कातारीना दे सान हुआन. ती आपल्या हिंदुस्थानातली. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला नेलं, तिथे बाप्तिस्मा दिला, मग फिलिपिन्समधल्या मनिलाच्या बाजारात विकली आणि तिथून जहाजाने मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात. मनिला ते आकापुल्को ही जहाजं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं चालली, रेशीम, मसाले, सुती कापड आणि माणसं. आशियातून आलेल्या सगळ्याच गुलामांना इथे "चिनो" म्हणायचे, हिंदी असो नाहीतर मलायी. कातारीना एका कप्तानाच्या घरी गुलाम म्हणून राहिली, पुढे सुटली, तिला दृष्टांत व्हायचे, लोक तिला संत मानायला लागले आणि १६८८ मध्ये वारली तेव्हा तिच्या दर्शनाला गर्दी लोटली. तिच्यावर तिच्या जेझुइट (कॅथलिक पंथातल्या) गुरूने तीन खंडी चरित्र लिहिलं आणि इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्यावर बंदी घातली. जेझुइटांच्या देवळात तिला पुरलं, मी तिथे जाऊन आले. आज "चिना पोब्लाना" म्हणून जो चमकदार घागऱ्याचा पोशाख मेक्सिकोभर मिरवतात तो तिचा असं सांगतात, पण तो पोशाख एकोणिसाव्या शतकातला, तिच्या नावाशी मागाहून जोडलेला. ती स्वतः साध्या कपड्यांत आणि उपासातापासात राहायची. मला ती पोशाखाशिवायची कातारीनाच आपली वाटते.

पांझराकाठ

झेंडू, तुमच्या प्रतिसादासाठी तरी धागा काढल्याचं सार्थक झालं. कातारीनाच्या वाटेत एक दुवा घालते. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालची गादी स्पेनच्याच राजाकडे होती. म्हणजे गोवा, वसई, चौल आणि तुमचं कोचीन या सगळ्यांचा धनी आणि मनिला-मेक्सिकोचा धनी एकच. पोर्तुगीज चाच्यांनी धरलेली मुलगी स्पॅनिश बाजारात जाऊन विकली गेली ती या काळात. रायतूरच्या छापखान्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण निघालं तेही याच काळात, वरती राजा तोच.

घोलवडची

ताई, मी तुमच्याइतकी शिकलेली नाही, बारावीपासून ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय, आता एसवायला आहे आणि बी-वनची तयारी चालू आहे. मला खरंच या विषयात पुढे जायचंय पण आमच्याकडे ना वर्ग ना लायब्ररी. दोन प्रश्न आहेत, एक म्हणजे वाचायला आत्ता सुरुवात केली तर कळेल का की आधी सी-वन (वरची पातळी) करू, आणि दुसरा म्हणजे घरी बसून फुकटात काय बघता येईल? आणि मी कुठला शब्द धरू तेही सांगा.

पांझराकाठ

अगं शिकलेली-बिकलेली काही नाही, बी-वनची तयारी करतेयस म्हणजे आत्ताच सुरुवात कर, सी-वनची वाट बघशील तर तीन वर्षं जातील. इतिहासाची स्पॅनिश गोष्टींपेक्षा सोपी असते, शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात. रोज एक परिच्छेद, डिक्शनरी उघडून, आणि खाली मराठीत दोन ओळींत काय समजलं ते लिहायचं. मराठीत लिहिणं सोडू नकोस, तिथे लपता येत नाही, समजलं नसेल तर वाक्यच होत नाही.

शब्द तूच शोध. तुझ्या घरात, अंगणात, डब्यात काय आहे ते बघ. उपासाची साबुदाण्याची खिचडी घेतलीस तरी साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, दाणे, मिरची, बटाटा, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. बटाटा हा शब्दसुद्धा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश आणि पोर्तुगीजांवाटे आलेला, आणि ते ताइनो लोक कोलंबसानंतर पन्नास-साठ वर्षांत जवळजवळ संपले.

फुकट काय मिळतं ते घसीट काका जास्त चांगलं सांगतील, त्यांना हाक मारते.

घसीट

हाक ऐकली. मी मोडी वाचतो, वीसेक वर्षं झाली, आणि स्पॅनिश शिकलो ते साठीनंतर, मुलीकडे माद्रिदला जाऊन-येऊन.

घोलवडची, तुला घरबसल्या सगळ्यात मोठं दार म्हणजे स्पेनच्या सरकारी दफ्तरखान्यांचं पोर्टल, पारेस नावाचं. सेव्हियाला १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोस राजाने इंडीजचा दफ्तरखाना स्थापन केला, अमेरिका आणि फिलिपिन्सच्या कारभाराचे कागद एका छपराखाली यावेत म्हणून. त्यातले पुष्कळ कागद स्कॅन करून तिथे ठेवलेत, पैसे नाहीत, कोणाची चिठ्ठी लागत नाही. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचंही डिजिटल दालन आहे.

आता कागद उघडशील तर पहिल्या दिवशी एक अक्षर लागणार नाही, घाबरू नकोस. सोळाव्या-सतराव्या शतकातले कारकून जे अक्षर काढायचे त्याला प्रोसेसाल म्हणतात आणि त्यातलं सगळ्यात अवघड ते एन्कादेनादा, म्हणजे साखळीचं. पेन उचलायचंच नाही, शब्द संपला तरी नाही, एक ओळ म्हणजे एक लांब वेटोळं. मी पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं अरे ही तर आपली घसीट मोडी! तिथेही बोरू न उचलता ओढत न्यायचं, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. मोडीत जी सवय लागली तीच इथे चालली, आधी अक्षर लावत बसायचं नाही, आधी ठरलेला मायना ओळखायचा. मोडी पत्रात मायना आणि तारीख जशी ठरलेली, तशी स्पॅनिश नोटरीच्या कागदात सुरुवात ठरलेली, "सर्वांस कळावे की मी अमुक, राहणार अमुक". ती दहा कागदांत वाचलीस की त्या कारकुनाचा प्रत्येक अक्षराचा वळसा हातात येतो आणि मग आतला मजकूर उघडतो.

एक मजेची हकीकत. कारकुनांना पानामागे पैसे मिळायचे म्हणून ते अक्षर पसरून पानं वाढवायचे. इतकं झालं की १५०३ मध्ये इसाबेल राणीच्या कारकिर्दीत हुकूम निघाला, एका पानावर ३५ ओळी आणि एका ओळीत १५ शब्द असलेच पाहिजेत. तरी नंतर शंभर वर्षं पसरट अक्षर चालूच राहिलं. तो हुकूम वाचला आणि मग माझ्या समोरच्या कागदात एका ओळीत पाच शब्द मोजले तेव्हा तो चारशे वर्षांपूर्वीचा कारकून मला शेजारी बसल्यासारखा दिसला.

उंबरठा

धागा छान चाललाय पण एक गोष्ट टोचतेय ती बोलतो, राग मानू नका. शब्द आले, फळं आली, सगळं मिसळलं, असं वाचताना फार गोड वाटायला लागतं. मिसळलं कसं? पाठीवर चाबूक घेऊन. पांझराकाठ यांनी मोरिस्कोंचं लिहिलं, झेंडू यांनी गुलामीचं लिहिलं, ते मला दिसतंय, पण वर्गातल्या मुलांना हा धागा देणार असाल तर हे ठळक पाहिजे.

मी दोन वस्तू देतो. एक, फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात असलेली बारा भागांची हस्तलिखित पोथी. बेर्नार्दिनो दे साआगून नावाचा फ्रान्सिस्कन साधू आणि मेक्सिकोतले नावा जातीचे शिकलेले तरुण, यांनी मिळून अझ्टेक जगाची सगळी माहिती लिहून काढली, १५७७ च्या सुमारास पुरी झाली. पानावर दोन रकाने, एकात नावात्ल आणि दुसऱ्यात स्पॅनिश. स्पॅनिश बऱ्याच ठिकाणी आखूड पडलीय, मूळ मजकूर सगळा उतरवलाच नाही, आणि त्या रिकाम्या जागेत त्या तरुणांनी चित्रं काढलीत, जवळजवळ अडीच हजार. १५७६ ला मोठी साथ आली, माणसं पटापट मेली, रंग मिळेनासे झाले, आणि शेवटच्या भागांतली बरीच चित्रं नुसती काळ्या रेघांची आहेत. ज्या भागात स्पॅनिशांनी शहर कसं पाडलं ते लिहिलंय तो भाग जवळजवळ बिनरंगाचा. ही पोथी आता ऑनलाइन पानापानाने बघता येते. जाऊन बघा, रंग कुठे संपतात ते.

दुसरी वस्तू म्हणजे कास्ता चित्रं. अठराव्या शतकात मेक्सिकोत सोळा-सोळा चित्रांचे संच काढायचे, प्रत्येकात आई, बाप आणि मूल, खाली लिहिलेलं, स्पॅनिश पुरुष आणि इंडियन बाई यांचं मूल मेस्तीसो, असं करत करत खाली खाली, आणि तळाकडे नावं अशी की "हवेत लोंबकळणारा", "तू मला कळत नाहीस". मिगेल काब्रेराने १७६३ ला काढलेला संच प्रसिद्ध आहे. हा कास्ता शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणून आपल्या जातींना चिकटवला आणि इंग्रजीतला कास्ट त्याच्यातूनच आला. मी ज्या समाजातून येतो तिथे हा शब्द किती जड आहे ते सांगायला नको. तो मी त्या चित्राखाली वाचला तेव्हा मला बराच वेळ पुढचं चित्र उघडता आलं नाही.

पांझराकाठ

राग कसला, उलट आभार. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मिसळणं या शब्दात कोणी मिसळवलं ते झाकलं जातं. कास्ता चित्रांबद्दल मला वर्गात उपयोगी पडलेलं एक सांगते. चित्रांत सोळा कप्पे कोरीव दिसतात पण तिथल्या चर्चच्या नोंदवह्या वाचल्या तर तोच माणूस बाप्तिस्म्याला एका नावाखाली आणि लग्नाला दुसऱ्या नावाखाली सापडतो. म्हणजे चित्रं सांगतात वरच्यांना जग कसं हवं होतं, आणि वह्यांत दिसतं की लोक त्या कप्प्यांतून सुटायला धडपडत होते. दोन्ही शेजारी ठेवूनच शिकवणार, आणि तुमचा प्रतिसाद मुलांना सगळ्यात आधी वाचायला देणार.

सातपुडा

नागपूरकर आहे, आणि इथे अजून कोणी पांडुरंग खानखोज्यांचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितोय. वर्ध्याचा माणूस, गदर पार्टीतला क्रांतिकारक, इंग्रज मागावर, मायदेशी येता येत नव्हतं, तो १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागला. मक्याच्या नव्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. तेव्हा मेक्सिकोत क्रांती नुकतीच होऊन गेली होती, जमीन कसणाऱ्याची म्हणून वाटप चाललं होतं, आणि दिएगो रिवेरा सरकारी इमारतींच्या भिंतींवर चित्रं काढत होता. शिक्षण खात्याच्या भिंतीवरच्या एका चित्रात लोकांच्या पंगतीत भाकर मोडणारा जो माणूस आहे तो खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरातच वारले. चापिंगोला २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसवला. मेक्सिकोची क्रांती समजून घ्यायला मी हा एक माणूस धरला आणि मका, जमीन, भित्तिचित्रं, सगळं त्याच्या मागे मागे आलं. नागपुरातल्या पोरांना हे नाव माहीत नाही याचं फार वाईट वाटतं.

अंगण

उंबरठा यांना अनुमोदन.

ग्रानादाला दोन वर्षं होते, तिथले हितानो, म्हणजे आपण जिप्सी म्हणतो ते. त्यांची जुनी बोली कालो, तीत पाण्याला पान्यी म्हणतात. पाणी! रोमा लोकांची भाषा आपल्या उत्तरेकडच्या भाषांच्याच घरातली, आणि स्पेनमध्ये ते आल्याची लेखी नोंद १४२५ ची आहे. १७४९ च्या जुलैत एका हुकमाने देशभरच्या हजारो हितानोंना एकदम पकडलं, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, म्हणजे वंशच थांबावा. हे फ्लामेंकोच्या कार्यक्रमात कोणी सांगत नाही. पण तेवढ्यावरून फ्लामेंको म्हणजे कथकच असं जे फॉरवर्ड येतं ते मात्र पसरवू नका, भाषेचा पुरावा पक्का आहे, नाचाचा तसा नाही. त्या गाण्यात अंदालूसियाचं, अरबांचं, आफ्रिकेचं, अमेरिकेतून परत आलेलं, कितीतरी आहे.

घोलवडची

ताई, काका, तीन आठवड्यांनी येतेय. शब्द मिळाला. चिकू! आमची वाडीच चिकूची आहे, डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. मला आधी वाटलं चीक निघतो म्हणून चिकू, कच्चा तोडला की हात कसे चिकट होतात. आजोबापण तेच म्हणाले. मग शोधलं तर मेक्सिकोत या झाडाला चिकोसापोते म्हणतात, नावात्लमधून आलेला शब्द, आणि याच झाडाच्या चिकापासून ते चिक्ले करायचे, म्हणजे च्युइंग गम! चिक्लेचा मूळ शब्द त्सिक्त्ली. फिलिपिन्समध्येही याला चिकोच म्हणतात, म्हणजे झेंडूताईंच्या त्या मनिलाच्या जहाजातून गेला असणार ना? आजोबांना सांगितलं तर ते आधी गप्प बसले, मग वाडीत जाऊन एका जुन्या झाडाला सुरी लावली, पांढरा चीक आला, तो बोटावर घेऊन त्यांनी चावून बघितला आणि म्हणाले, काहीच लागत नाही गं याला.

पांझराकाठ

किती गुणी आजोबा आहेत तुझे! फिलिपिन्सला स्पॅनिशांनीच नेलं हे बरोबर. आणि चीक-चिकूची जी चूक तू स्वतः पकडलीस ती वहीत लिहून ठेव, दोन शब्द सारखे दिसले की नातं जुळवायचा मोह मला अजून होतो. आपला चीक आणि त्यांचा त्सिक्त्ली, दोघांचा काही संबंध नाही.

घसीट

पोरी, मनिलाच्या जहाजांच्या मालाच्या याद्या सेव्हियाच्या दफ्तरात फिलिपिन्स विभागाखाली बघ. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो, व्हिडिओ कॉलवर एक यादी दोघं मिळून लावू. कागद मोठा करून ठेव आणि आधी फक्त मायना वाचून ये.

घोलवडची

येते काका. आजोबांनापण बसवते शेजारी, त्यांना मोडी येते थोडी.